पोहणं वगळलं म्हणजे कष्ट वगळले?

ज्याला पोहता येत नाही त्याने ड्युएथलॉन करावं, असा सल्ला धावपटूंच्या गटांत सर्रास दिला जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यामागे एक समजूत घट्ट बसलेली असते: ट्रायथलॉन हा खरा खेळ, आणि त्यातला अवघड भाग काढून टाकल्यावर जे उरतं ते ड्युएथलॉन. या समजुतीच्या पाठोपाठ दुसरी येते. ड्युएथलॉन सोपं आहे म्हणूनच त्याला प्रेक्षक नाहीत, मान नाही आणि ऑलिंपिकमध्ये जागा नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर पहिलीहून जास्त नुकसान करते.

आधी अंतरं पाहावीत. ऑलिंपिकमधल्या ट्रायथलॉनमध्ये 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं असतं. त्याच तोलाच्या ड्युएथलॉनमध्ये 10 किलोमीटर धावणं, 40 किलोमीटर सायकल आणि पुन्हा 5 किलोमीटर धावणं. म्हणजे पोहणं काढून जागा रिकामी ठेवलेली नाही, तिथे धावणं आणून बसवलं आहे. सायकलचं अंतर तेवढंच राहिलं आणि धावण्याचं दहावरून पंधरावर गेलं, थेट दीडपट. ‘अवघड भाग काढला’ असं म्हणणाऱ्याने ही साधी बेरीजही केलेली नसते.

वेळेचा हिशेबही तेच सांगतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 31 जुलै 2024 रोजी ब्रिटनच्या ॲलेक्स यीने 1 तास 43 मिनिटं 33 सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. त्यातली साधारण वीस मिनिटं सीन नदीत गेली. म्हणजे ट्रायथलॉनमध्येही चार पंचमांश शर्यत पायांच्याच जिवावर होते. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या पूर्ण अंतरात तर सतरा तासांच्या मुदतीतले दोन तास वीस मिनिटं पोहण्याला दिलेले असतात. ड्युएथलॉनमध्ये हा उरलेला पाचवा हिस्साही पायांवरच येतो.

आणि पायांवर येतो म्हणजे नेमकं काय होतं? पोहताना शरीराचं वजन पाणी पेलतं. हात, खांदे, पाठ राबतात. सायकलसाठी मांड्या राखून ठेवायच्या म्हणून अनुभवी ट्रायथलीट पाण्यात पाय मुद्दाम कमी मारतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर आदळतो. दहा किलोमीटरमध्ये अशी आठ-दहा हजार पावलं पडतात. ड्युएथलीट सायकलला हात लावतो तेव्हा हा सगळा मार त्याच्या पोटऱ्यांनी आणि मांड्यांनी आधीच खाल्लेला असतो.

खेळाडू जिथे धावण्यातून सायकलवर जातात त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. दोन खेळांतला फरक समजून घ्यायचा असेल तर तिथे उभं राहावं. धावून आलेला खेळाडू धापा टाकतच आत शिरतो. स्टँडवरून सायकल काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे, नाहीतर दंड होतो. घामाने ओल्या बोटांना ते बक्कल लवकर सापडत नाही. बूट बदलायला वाकलं की पोटरीत गोळा येतो. पुढचे खेळाडू तोवर रस्त्याला लागलेले असतात, आणि वरच्या पातळीवरच्या शर्यतीत, जिथे एकमेकांच्या मागे राहून सायकल चालवायची मुभा असते, तिथे तो घोळका सुटला की पुढचे चाळीस किलोमीटर वारा एकट्याने फोडायचा. त्यामुळे पहिलं धावणं जपून करता येत नाही, आणि जपून केलं नाही तर दुसरं धावणं वसूल करतं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात हे ट्रायथलीटही जाणतो. ड्युएथलीटच्या बाबतीत ते लाकूड आधीच दहा किलोमीटर झिजलेलं असतं.

याची सगळ्यात कडक परीक्षा स्वित्झर्लंडमधल्या त्सोफिंगेन गावी होते. तिथली ‘पॉवरमॅन’ शर्यत 1989 साली सुरू झाली. तिचं गाजलेलं अंतर 10 किलोमीटर धावणं, 150 किलोमीटर सायकल, 30 किलोमीटर धावणं असं आहे. रस्ता सपाट नाही. सायकलच्या प्रत्येक फेरीत बोडेनबर्गचा चढ चढावा लागतो आणि धावणंही टेकड्या-जंगलातून आहे. विजेत्यालासुद्धा सहा तासांहून जास्त लागतात. अमेरिकेचा मार्क ॲलन इथे 1993 मध्ये जिंकला. तोवर त्याने हवाईची आयर्नमॅन सलग चार वेळा जिंकलेली होती. स्वित्झर्लंडची नताशा बाडमान त्सोफिंगेनची विजेती होती आणि हवाईची आयर्नमॅनही तिने सहा वेळा जिंकली. ट्रायथलॉनच्या शिखरावर असलेल्यांना ज्या शर्यतीत उतरावंसं वाटलं, तिला धाकटी म्हणणं कसं पटावं?

आता समोरच्या पक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा. पाण्याची भीती. हा मुद्दा खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. तिशी-चाळिशीत पोहायला शिकणाऱ्याला पंचवीस मीटरच्या तलावातून समुद्रात जाणं म्हणजे वेगळंच प्रकरण असतं. तळ दिसत नाही, कठडा नाही, शेजारच्याचा हात तोंडावर बसतो, लाट नेमकी श्वास घेतानाच येते. भीतीला आधारही आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले 1985 ते 2016 या काळातले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना अभ्यासणारा शोधनिबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा 135 घटनांपैकी 90 पोहताना घडल्या होत्या. ज्याला ट्रायथलॉन करायचं आहे त्याने हा आकडा लक्षात ठेवूनच उघड्या पाण्यात सराव करावा, एकट्याने करू नये, आणि हृदयाची तपासणी टाळू नये.

पण यातून सिद्ध काय होतं? पोहणं जास्त धोक्याचं आहे आणि ते शिकायला वेळ लागतो, एवढंच. धोका आणि कष्ट यांची मापं वेगळी आहेत. लहानपणापासून तलावात वाढलेल्या खेळाडूला पहिला टप्पा सगळ्यात सुखाचा जातो. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर आधी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, मग आयर्नमॅनकडे वळले आणि त्यांनी त्या शर्यती अनेकदा पूर्ण केल्या. त्यांच्यासारख्याला पाण्याची धास्ती घालता येणार नाही. उलट ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला पंधरा किलोमीटर धावण्यापेक्षा दीड किलोमीटर पोहणं परवडेल. म्हणून ‘ट्रायथलॉन अवघड’ हे विधान प्रत्यक्षात ‘पोहता न येणाऱ्याला ट्रायथलॉन अवघड’ एवढंच आहे. तयारीचे दोन खेळाडू घेतले आणि ताकदीची शिकस्त दोघांनीही सारखीच केली, तर पायांची झीज ड्युएथलॉनमध्येच जास्त होते.

मग लोकप्रियतेत एवढी तफावत का? उत्तर इतिहासात आहे, स्नायूंत नाही. आधुनिक ट्रायथलॉन 25 सप्टेंबर 1974 रोजी सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये भरलं, तेव्हा 46 जण उतरले होते. हवाईची पहिली आयर्नमॅन फेब्रुवारी 1978 मध्ये झाली. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. खेळ घराघरांत गेला तो 1982 मध्ये, टीव्हीमुळे. ज्युली मॉस ही विद्यार्थिनी महिलांमध्ये आघाडीवर होती. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय वळेनासे झाले, ती पडली, उठली, पुन्हा पडली. अंतिम रेषेपासून काही हातांवर कॅथलीन मॅकार्टनी तिच्या पुढे निघून गेली, आणि मॉस रांगत रांगत दुसरी आली. एबीसी वाहिनीने ते दाखवलं आणि अमेरिकेने डोळे विस्फारून पाहिलं. यात एक गोष्ट नजरेतून सुटते. ज्या प्रसंगाने ट्रायथलॉनला कीर्ती मिळवून दिली त्यात पाण्याचा थेंबही नव्हता. थकलेले पाय, आणि त्यांना पुढे रेटणारी जिद्द, एवढंच होतं.

पुढचं काम संघटनेने केलं. आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना 1989 मध्ये स्थापन झाली. तिचे कॅनडाचे अध्यक्ष लेस मॅकडोनाल्ड ऑलिंपिक प्रवेशाच्या मागे हात धुऊन लागले. 1994 मध्ये ऑलिंपिक समितीने होकार दिला आणि 2000 साली सिडनीत पदकं वाटली गेली. ऑलिंपिकचा शिक्का बसला की सरकारी निधी येतो, प्रशिक्षक येतात, पुरस्कर्ते येतात. ड्युएथलॉनची जागतिक स्पर्धाही 1990 पासून आहे, पण ती त्याच संघटनेच्या छत्राखाली, दुय्यम जागी राहिली. अमेरिकेत 2022 मध्ये झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये ड्युएथलॉन आलं. वर्ल्ड गेम्स ऑलिंपिकबाहेरच्या खेळांसाठीच असतात.

दुय्यमपणाची सवय किती मुरली आहे हे पॅरिसने दाखवलं. ऑगस्ट 2023 मधल्या सराव स्पर्धेत सीनचं पाणी दूषित निघालं, तेव्हा पॅरा-ट्रायथलॉन आणि मिश्र रिले या शर्यती पोहणं रद्द करून ड्युएथलॉन म्हणून घेण्यात आल्या. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये पुरुषांची शर्यत पाण्यापायी एक दिवस पुढे ढकलावी लागली, आणि अगदीच जमलं नाही तर ड्युएथलॉन घ्यायचं अशी तजवीज होती. ज्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं पोहण्याचा सराव केला त्यांच्यावर हा अन्यायच झाला असता. पण अन्याय ड्युएथलॉनवरही होतोच. नदी घाण झाली की आठवण काढायची आणि स्वच्छ झाली की पुन्हा विसरायचं, असा वापर झाला तर जगाला तो खेळ तडजोडच वाटणार.

महाराष्ट्रातही कौतुकाची वाट आयर्नमॅनकडूनच आली. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिकची आयर्नमॅन पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण केली, पोलिस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी 2017 मध्ये हा मान मिळवला, आणि 2019 मध्ये शेजारच्या गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावण्याची आयर्नमॅन 70.3 सुरू झाली. आता पुणे, नाशिक, कोल्हापुरात आयर्नमॅन झालेल्या डॉक्टरांचे आणि उद्योजकांचे फ्लेक्स लागतात. लागावेतच, मेहनत खरी असते. उत्तराखंडमधल्या 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने ट्रायथलॉनचं सुवर्ण आणलं, त्याचाही अभिमान वाटतो.

तरी या वाटेवर चढायला काय लागतं ते पाहिलं पाहिजे. तलाव लागतो, त्याची फी लागते, शिकवणारा लागतो. खेड्यातला मुलगा पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतो, आणि उत्तम शिकतो. पण विहिरीत सूर मारणं आणि उघड्या पाण्यात दिशा धरून दीड किलोमीटर फ्रीस्टाइल पोहणं, यांत फार अंतर आहे. मुलींना तर ती विहीरही अनेक गावांत मिळत नाही. धावणं मात्र मिळतं. पोलिस भरतीसाठी मुलगे 1600 मीटर आणि मुली 800 मीटरची तयारी करतात, त्यासाठी गावोगाव पहाटे रस्त्यावर गर्दी असते. भरती हुकली की यातले बहुतेक धावणं सोडून देतात, कारण पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. महागडी सायकल ही अडचण ड्युएथलॉनमध्येही आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन अडचणींतली एक तरी कमी होते.

त्यामुळे आयोजकांनी आधी आपल्या घरातला क्रम बदलावा. जिथे दोन्ही शर्यती एकाच दिवशी असतात तिथे ड्युएथलॉनला स्वतःची सुरुवात, स्वतःची निकालपत्रिका आणि तेवढ्याच रकमेचं बक्षीस द्यावं. ‘पोहता येत नसेल तर’ हे शब्द प्रवेशपत्रिकेतून काढावेत. आणि तालुक्याच्या गावी 5 किलोमीटर धावणं, 20 किलोमीटर सायकल, 2.5 किलोमीटर धावणं अशी शर्यत भरवावी. तिला पहाटे दोन-अडीच तास बंद ठेवता येईल असा रस्ता, पाण्याची टेबलं, एक रुग्णवाहिका आणि वळणांवर उभे राहणारे स्वयंसेवक पुरतात. त्यात साध्या, बिनगिअरच्या सायकलींचा एक वेगळा गट ठेवावा, मुलींचा वेगळा ठेवावा, आणि पहिली जाहिरात भरतीच्या मैदानावर लावावी.