रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात पडला की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट हमखास घडते. आकडा वाढलेला असेल तर घरातल्या तुपाच्या बरणीवर आणि तळणीवर बंदी येते. आकडा खाली आलेला असेल तर स्टॅटिनची गोळी बंद होते. ‘आता नॉर्मल आहे ना, मग उगाच औषध कशाला पोटात ढकलायचं?’ हा त्यामागचा हिशेब. पहिल्या प्रतिक्रियेत थोडे तथ्य आहे, दुसरीत जवळजवळ नाहीच. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: कोलेस्टेरॉल हा नळीत साचणारा गाळ आहे, कमी खाल्ला की कमी साचतो आणि औषधाने एकदा धुऊन काढला की काम झाले. गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने ही समजूत मोडीत काढली आहे. रक्तात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, किती राहणार याचा निर्णय मुख्यतः यकृतातल्या पेशी घेतात आणि त्या पेशींतली मोजकी जनुके केव्हा जागी होतात, केव्हा झोपतात, यावर तो ठरतो. विचाराची सुरुवात ताटापासून न करता इथून केली, तर गोळी कुणी घ्यावी, किती घ्यावी, किती काळ घ्यावी आणि घरातल्या आणखी कुणाचे रक्त तपासावे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बदलतात.

हे ज्यांनी उलगडले ते जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राउन हे अमेरिकेतल्या डॅलसमधले दोन डॉक्टर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या मागे लागले होते. त्यात मुलांच्या कोपरांवर, बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी येतात, रक्तातले कोलेस्टेरॉल सर्वसाधारण पातळीच्या सहा ते दहा पट असते आणि शाळकरी वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ही मुले काही तुपात बुडवून जेवत नव्हती. या दोघांनी निरोगी माणसाच्या त्वचेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. भोवतालच्या द्रवातून एलडीएल काढून घेतले की पेशी स्वतःचे कोलेस्टेरॉल जोरात बनवू लागत, ते परत घातले की काम मंदावे. आजारी मुलांच्या पेशी मात्र एलडीएल कितीही ओता, थांबायला तयार नसत. मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलात विरघळवून थेट घातले. तसे ते आपसूक पेशीत शिरले आणि याच हट्टी पेशींनी मुकाट्याने काम थांबवले. याचा अर्थ आतली यंत्रणा शाबूत होती, एलडीएल आत घेणारे दार तेवढे नव्हते. या दाराला एलडीएल रिसेप्टर म्हणतात. ते बनवणारे जनुक आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हीकडून निकामी मिळाले की मूल असे आजारी होते. एकाच बाजूने निकामी आले तर एलडीएल साधारण दुप्पट राहते आणि माणूस ऐन उमेदीत झटक्याला सामोरा जातो. १९८५चे नोबेल या दोघांना मिळाले ते याच कामासाठी.

दार सापडले, पण किती दारे उघडायची हे पेशीला कळते कसे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर याच प्रयोगशाळेतून १९९०च्या दशकात मिळत गेले. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवावा: पाणी उतरले की गोळा खाली जातो आणि नळ सुरू होतो. पेशीत हे काम एसआरईबीपी नावाचे प्रथिन करते. एरवी ते पेशीच्या आतल्या एका पडद्याला खिळलेले असते. त्या पडद्यात कोलेस्टेरॉल मुबलक आहे तोवर त्याला जागचे हलू दिले जात नाही. कोलेस्टेरॉल घटले की पकड सुटते, प्रथिन पेशीच्या दुसऱ्या कप्प्यात जाते, तिथे दोन विकरे कात्रीसारखी चालून त्याचा एक तुकडा कापतात आणि तो तुकडा केंद्रकात शिरून जनुके जागी करतो. त्यातली काही जनुके घरच्या घरी कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकरांची, तर एक रक्तातले एलडीएल ओढून घेणाऱ्या दाराचे. टंचाई झाली की पेशी बनवतेही आणि बाहेरून उचलतेही. स्टॅटिन नेमका याच सवयीचा फायदा घेते.

टोकियोतल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी १९७१पासून सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्या. क्योटोतल्या धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ साली त्यांना कॉम्पॅक्टिन सापडले, ते पहिले स्टॅटिन. कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतले एक मुख्य विकर ते अडवते. पण उंदरांना दिले तर रक्तातले कोलेस्टेरॉल हलेना, आणि संशोधन तिथेच गुंडाळले जाण्याची वेळ आली. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिले तेव्हा मात्र ते झपाट्याने उतरले. उंदराचे यकृत औषधाला उत्तर म्हणून तेच विकर कित्येक पट जास्त बनवत होते, हे पुढे उमगले. म्हणजे औषध फसले तेही पेशीच्या या नियंत्रणामुळे आणि माणसात यशस्वी झाले तेही त्यामुळेच. माणसाच्या यकृतातही विकर वाढते, पण सोबत दारेही वाढतात आणि रक्तातले एलडीएल आत ओढले जाते. ज्या मुलांत दार मुळीच नसते, त्यांच्यावर स्टॅटिनचा परिणाम फार थोडा होतो. दार हेच खरे साधन आहे याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? गोळी यकृताला रोज टंचाईचा भास घडवते. भास संपला की दारे कमी होतात आणि काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी परतते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून. चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसते, म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही.

डोसचे गणितही इथेच सुटते. पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिन एलडीएलच्या दाराला चिकटून ते पेशीच्या आत नष्ट करवते. गंमत अशी की एसआरईबीपी ज्या हुकमाने दारे बनवते, त्याच हुकमाने दारे मोडणारे हे प्रथिनही बनवते. स्टॅटिन वाढवले की दोन्ही वाढतात. म्हणूनच डोस दुप्पट केल्यावर एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरते. त्यापेक्षा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखणारे एझेटिमाइब जोडीला दिलेले पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पीसीएसके-९चा धागा २००३ साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांतून हाती लागला. त्यांच्यात हे प्रथिन अतिउत्साही होते आणि कोलेस्टेरॉल भरमसाट. त्यानंतर डॅलसच्या संशोधकांना याच्या उलट माणसे सापडली. सुमारे दोन ते तीन टक्के कृष्णवर्णीय अमेरिकनांत हे जनुक जन्मतः निकामी होते. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते आणि पंधरा वर्षांच्या पाहणीत हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. फरक २८ टक्क्यांचा आणि लाभ ८८ टक्क्यांचा, कारण ही माणसे जन्मापासून कमी एलडीएलवर जगत होती. धमनीला इजा एका दिवसाच्या आकड्याने होत नाही, वर्षानुवर्षांच्या बेरजेने होते. अधूनमधून गोळी घेणारा माणूस ही बेरीज थांबवत नाही.

हे सगळे प्रयोगशाळेतले, प्रत्यक्ष माणसे वाचतात का, असे विचारणे रास्त आहे. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर उत्तर युरोपात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. साडेपाच वर्षांच्या आसपास नोंदी ठेवल्या तेव्हा बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २५६ आणि सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२ मृत्यू झाले. पुढे कित्येक चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या आणि एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना दर वर्षी सुमारे एक पंचमांशाने घटतात, हे दिसले. आकडा सुधारणारे प्रत्येक औषध जीव वाचवतेच असे मात्र नाही. चांगले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबने एचडीएलचा आकडा झकास वर नेला, पण मृत्यू वाढल्याने २००६ साली त्याची चाचणी थांबवावी लागली. एचडीएल वाढवणारी जनुके जन्मतः मिळालेल्यांनाही झटक्यापासून संरक्षण नसते, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. एलडीएलच्या बाबतीत जनुके, पेशी आणि औषधचाचण्या अशा तिन्ही साक्षी जुळतात. आपला विश्वास आकड्यावर नसावा, तो या जुळणीवर असावा.

आता आक्षेपांकडे. पहिला अंगदुखीचा. लंडनमध्ये एक नमुनेदार चाचणी झाली. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर महिन्यामहिन्याच्या बाटल्या दिल्या. कधी बाटलीत स्टॅटिन, कधी बिनऔषधी गोळी, कधी बाटली रिकामी. गोळ्यांमुळे जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधी गोळीनेही झाला. दुखणे खोटे नव्हते, पण त्याचे कारण बहुतांशी औषध नव्हते. तरीही स्नायूंची खरी इजा क्वचित होते. यकृतात स्टॅटिन पोचवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला बदल तिचा धोका वाढवतो, हेही ठाऊक आहे. सेरिव्हास्टॅटिन तर २००१ साली याच कारणाने बाजारातून काढून घ्यावे लागले. दुसरा आक्षेप मधुमेहाचा, आणि आपल्यासाठी तो अधिक गंभीर आहे. तो खरा आहे. कमी-मध्यम डोसने नव्या मधुमेहाचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी आणि मोठ्या डोसने ३६ टक्क्यांनी वाढते. ही वाढ बहुतेक करून आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत दिसते. स्टॅटिन ज्या विकराला अडवते, त्याच्या जनुकातले नैसर्गिक बदलही मधुमेहाचा धोका किंचित वाढवतात, तेव्हा हा परिणाम योगायोग नाही. पण ज्याला झटका येण्याचा धोका मोठा आहे, त्याच्यासाठी टळणारे झटके या तोट्यापेक्षा जड भरतात. उपाय गोळी टाकून देण्यात नाही, साखर नियमित तपासण्यात आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मग सगळ्यांनाच गोळ्या चारायच्या का? नाही. ज्याचा धोका मुळात कमी, त्याच्या वाट्याला येणारा लाभही लहान. तिथे चालणे, वजन, तंबाखू सोडणे आणि आहार यांवरच भर हवा. आहारही या यंत्रणेच्या बाहेर नाही. वनस्पती तूप, तळण, साय यांतली संपृक्त चरबी यकृतातली दारे कमी करते. म्हणून तळणीवरची बंदी निरर्थक नसते, तिची ताकद मर्यादित असते एवढेच. जन्मतःच निम्मी दारे मिळालेल्या माणसाला पथ्याने ती परत मिळत नाहीत. ‘आपल्या लोकांचा घोळ ट्रायग्लिसराइड्सचा, एलडीएलचा नाही’ असेही म्हटले जाते. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी असते हे खरे, पण त्याने एलडीएलचा दोष पुसला जात नाही. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, साधारण त्रेपन्नाव्या वर्षी आल्याचे दिसले. बेरीज लवकर भरत असेल, तर मोजणीही लवकर सुरू करायला हवी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करा आणि घरात आजार असेल तर त्याआधी, असे सांगितले ते यासाठीच.

या सगळ्या विचाराचे सर्वांत मोठे देणे घरातल्या इतरांच्या तपासणीत आहे, आणि तेच आपण सर्वांत कमी घेतो. एलडीएलच्या दाराचे जनुक एका बाजूने निकामी मिळालेली माणसे दुर्मीळ नाहीत. जगभरात अडीचशे ते तीनशे माणसांमागे एक, असा अंदाज आहे. आईला किंवा वडिलांना ते असेल तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. नेदरलँड्सने १९९४पासून असा एक रुग्ण सापडला की त्याच्या नातलगांपर्यंत पोचण्याची मोहीम चालवली. आपल्याकडे चाळिशीतल्या माणसाला झटका येतो, स्टेंट बसतो, तो घरी येतो आणि त्याच्या धाकट्या भावाच्या रक्ताकडे कोणी वळूनही पाहत नाही. यासाठी महागडी जनुकचाचणी लागत नाही, गावातल्या कोणत्याही प्रयोगशाळेतली साधी लिपिड तपासणी सुरुवातीला पुरते. गोळीही जेनेरिक, स्वस्त आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली. नवी औषधे महाग आहेत, पण बहुतेकांचे काम जुन्यावर भागते.

म्हणून दोन मागण्या. एक सरकारी आणि खासगी रुग्णालयांकडे: पंचावन्नच्या आत झटका आलेल्या पुरुषाच्या आणि पासष्टच्या आत झटका आलेल्या स्त्रीच्या डिस्चार्ज कार्डावर ‘भावंडांची व मुलांची लिपिड तपासणी करावी’ ही ओळ छापलेली असावी. तिला शाईखेरीज खर्च नाही. दुसरी वाचकांकडे: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. बंद करायची असेल तर डॉक्टरांसमोर बसून, त्यांना कारण विचारून करा.