ताऱ्यांची नावे आणि आपला अभिमान

स्वाभिमान आणि स्वस्तुती यांतील भेद जो समाज विसरला, त्याची विद्वत्ता लवकरच करमणुकीचा विषय होते. गेल्या कार्तिकात कोल्हापुरातील एका व्याख्यानास गेलो असता हा विचार आमच्या मनात प्रकर्षाने आला. वक्ते व्यासंगी होते, वाणी ओघवती होती. ते म्हणाले, "आपल्या अभिजितास पाश्चात्य लोक 'वेगा' म्हणतात. हा 'वेगा' म्हणजे आपला 'वेग'च नव्हे काय? अरबांनी तो येथून उचलला आणि युरोपास विकला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या शेजारी आमचीच एक विद्यार्थिनी बसली होती. तिने ते वाक्य मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. टाळ्या विरून जातात, वही राहते. म्हणूनच हा लेख लिहिणे प्राप्त झाले.

प्रथम 'वेगा'चाच निकाल लावू. अरब लोक या ताऱ्यास 'अन्-नस्र अल्-वाकिअ', म्हणजे पंख मिटून खाली उतरणारा गरुड, असे म्हणत. त्याच्या समोरच्या ताऱ्यास, म्हणजे आपल्या श्रवणास, ते 'अन्-नस्र अत्-ताइर', म्हणजे उडता गरुड, म्हणत. श्रवण आणि त्याच्या दोन बाजूंचे तारे एका रेषेत आहेत, ते पसरलेले पंख. अभिजित आणि त्याच्या जवळचे दोन मंद तारे यांचा लहानसा त्रिकोण होतो, ते मिटलेले पंख. 'ताइर'चे झाले 'अल्टेर' आणि 'वाकिअ'चे झाले 'वेगा'. या व्युत्पत्तीने दोन्ही नावांचा उलगडा होतो आणि आकाशातील आकृतीही तिला साक्ष देते. आमच्या वक्त्यांच्या व्युत्पत्तीने एकाच नावाचा उलगडा होतो, आणि तोही उलटा. कारण वेग असावयाचा तर तो उडत्या गरुडाला असावा, खाली बसणाऱ्याला कशाला?

नावांची कुळकथा कानाने ठरत नाही, कागदाने ठरते. आणि येथे कागद भरपूर आहेत. इ. स. ९६४ च्या सुमारास अल्-सूफी या ज्योतिर्विदाने स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक तारकासमूहातील टॉलेमीने सांगितलेले तारे त्याने आधी दिले आणि अरब लोक त्यांस काय म्हणतात ते वेगळे नोंदविले. या दोन झऱ्यांतूनच पुढची नावे आली आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक पंडित टॉलेमी याच्या यादीत १,०२२ तारे आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांस नाव नाही, 'माशाच्या तोंडातील', 'पक्ष्याच्या शेपटीवरील' एवढेच वर्णन आहे. अरबांनी त्याचे भाषांतर केले. 'फम अल्-हूत', माशाचे तोंड, यावरून 'फोमलहॉट'. 'धनब', शेपूट, यावरून 'देनेब'. दुसरा झरा वाळवंटातील लोकांचा. कृत्तिकांच्या मागोमाग उगवणारी आपली रोहिणी ही त्यांची 'अद्-दबरान', म्हणजे पाठोपाठ येणारी, तीच 'अल्देबरान'. यात चोरी कोठे आहे? ग्रीकांचे ऋण अरबांनी लपविलेही नाही.

पुढे ११७५ साली क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणला. अशा भाषांतरांतून अरबी शब्द युरोपात शिरले आणि लेखकूंच्या हातून त्यांचे हाल झाले. मृगातील तांबूस ताऱ्याचे नाव होते 'यद अल्-जौझा', जौझेचा हात. अरबी लिपीत शब्दारंभीच्या 'य'खाली दोन टिंबे असतात आणि 'ब'खाली एक. एक टिंब हरवले, 'यद'चे 'बद' झाले आणि त्यातून 'बीटलजूझ' जन्मास आला. मागाहून आलेल्या पंडितांना 'बद'चा अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी हा शब्द काखेचा वाचक ठरविला. आता आपल्या मराठी तारानकाशांत या ताऱ्याचे नाव पाहा: 'काक्षी'! काखेशी त्याचे नाते उघड दिसते. परकी म्हणून अरबी नाव आपण उंबऱ्याबाहेर ठेविले आणि युरोपीय लेखकूची चूक मात्र संस्कृतचा शालू नेसवून देवघरात आणली. याउलट 'फोमलहॉट'साठी योजलेले 'मीनास्य' हे नाव पाहावे. अर्थ जाणून, मूळ ओळखून केलेले ते भाषांतर आहे. अभिमान धरावयाचा तर असल्या कामाचा धरावा.

कोणी विचारील, मग अरबांना आपण काहीच दिले नाही काय? दिले, आणि पुष्कळ दिले. आठव्या शतकात खलीफा अल्-मन्सूरच्या बगदादेत भारतीय सिद्धान्तग्रंथ पोहोचला आणि 'सिंदहिंद' या नावाने अरबीत आला. आपली 'जीवा' तिकडे 'जीब' झाली. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे 'जैब' असा वाचला गेला. 'जैब' म्हणजे वस्त्राचा छातीवरील भाग; हिंदीतील 'जेब' तीच. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा अर्थ घेऊन 'सायनस' केले, आणि आज आपली मुले शाळेत 'साइन' घोकतात. हे ऋण जग मान्य करते, कारण त्याची प्रत्येक पायरी दाखविता येते. खऱ्या खतावर खोटी सही जोडली म्हणजे सावकाराचेच नुकसान होते. 'वेग' ऐकून हसलेला मनुष्य 'जीवा'वर विश्वास कसा ठेवील?

वाद करू नये असे आमचे म्हणणे नाही. आपली नक्षत्रे आणि अरबांचे चंद्राचे २८ मुक्काम यांचे साम्य खरे आहे आणि त्यांच्या मुळाविषयी मोठा वाद झाला आहे. महाराष्ट्रात राहिलेले अमेरिकन मिशनरी बर्जेस मराठी शाळांसाठी ज्योतिषाचे पुस्तक करू लागले आणि त्यातून सूर्यसिद्धान्ताच्या भाषांतराकडे वळले. ते १८६० साली प्रसिद्ध झाले. त्यास टीपा देणारे व्हिटनी आणि स्वतः बर्जेस यांचे या प्रश्नावर एकमत नव्हते; दोघांची मते एकाच ग्रंथात छापली आहेत. मतभेद असा असावा.

आपल्या पूर्वजांनाही हा संकोच नव्हता. फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयास असलेल्या महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० साली 'यंत्रराज' लिहिला. यवनांच्या ग्रंथसागराचे सार आपण काढले, हे तो मोकळेपणाने सांगतो, आणि ३२ तारे त्यांच्या स्थानांसह देतो. त्याने अंक दिले, टाळ्या मागितल्या नाहीत.

आणि आता कटू बोलणे भाग आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बीरूनीने लिहून ठेविले आहे की, नक्षत्रांचे तारे बोटाने दाखवील असा एकही हिंदू आपणास भेटला नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात योगतारांविषयी निरनिराळ्या विद्वानांची मते शेजारी शेजारी मांडून आपला निर्णय दिला, तेव्हा तो कलंक थोडा तरी पुसला गेला. परंतु त्या रात्री व्याख्यान संपवून आम्ही सारे बाहेर पडलो, तेव्हा वायव्येस, पन्हाळ्याच्या बाजूला, खुद्द अभिजित स्वच्छ चमकत होता, आणि ज्याच्या नावाने टाळ्या पिटल्या त्याच्याकडे मान वर करून पाहणारा एकही मनुष्य आम्हांस दिसला नाही!

खेड्यातील म्हातारीने हा दोष आपल्यावर येऊ दिला नव्हता. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांस ती बाज म्हणे आणि मागच्या तिघांस बाज पळवू पाहणारे चोर. वाळवंटातील अरबाने त्याच चार ताऱ्यांत तिरडी पाहिली आणि मागे चालणाऱ्या तिघींना तिच्या मुली म्हटले. आपला मरीची हा त्यांचा 'अल्काइद', त्या मुलींचा म्होरक्या. हिने त्याचे चोरले, की त्याने हिचे? कोणीच कोणाचे नाही. दोघांनीही एकच आकाश डोळे उघडे ठेवून पाहिले, एवढेच.

त्या विद्यार्थिनीस आम्ही दुसऱ्या दिवशी 'वाकिअ' आणि 'ताइर' यांचा अर्थ सांगितला व संध्याकाळी गच्चीवर दोन्ही गरुड दाखविले. तिने वहीतील वाक्य खोडले नाही; त्यापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढले. आम्हांस तेवढे पुरे आहे.