नेटवर्कचा कोड खुला हवा : एक मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली
प्रत माहितीसाठी : माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : मोबाइल नेटवर्क चालवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरला सरकारी धोरणात जागा मिळण्याबाबत

महोदय,

मोबाइल नेटवर्क म्हटले की लोकांना टॉवर दिसतो. प्रत्यक्षात टॉवर हा नेटवर्कचा नुसता तोंडवळा. सिम खरे आहे का ते तपासणे, ग्राहक या क्षणी कोणत्या भागात आहे याची नोंद ठेवणे, एस.टी. घाट चढत असताना चालू बोलणे एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवणे (म्हणजे ‘हँडओव्हर’), ही सगळी कामे सॉफ्टवेअर करते. ते कसे वागावे याचे नियम थ्रीजीपीपी ही जागतिक संस्था प्रसिद्ध करते आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. मात्र त्या नियमांबरहुकूम लिहिलेले सॉफ्टवेअर बहुतांशी कंपन्यांच्या कुलुपात आहे. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले ‘हँडओव्हर’ची आकृती परीक्षेत सुबक काढतात, आणि तो घडवणारी एकही ओळ न पाहता पदवी घेऊन बाहेर पडतात. पोहण्याचे शास्त्र फळ्यावर शिकवण्यातलाच हा प्रकार.

आम्ही ते कुलूप नसलेले सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांची संघटना आहोत. काही पगारी, बरीचशी रात्री जागून काम करणारी.

हे खूळ नाही. हॅराल्ड वेल्टे आणि डीटर श्पार यांनी सीमेन्सचे जुने बेस स्टेशन मिळवून त्याला चालवणारा कोड स्वतः लिहायला घेतला आणि डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत तो जगापुढे मांडला. तेव्हा त्याला ओपनबीएससी म्हणत. आज ऑस्मोकॉम या नावाखाली बेस स्टेशनपासून ग्राहकनोंदीपर्यंत जीएसएमचे बहुतेक सगळे भाग खुले उपलब्ध आहेत. २००८ सालीच अमेरिकेत डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा यांचे ओपनबीटीएस नेवाडाच्या वाळवंटातल्या बर्निंग मॅन मेळ्यात चालवून दाखवले गेले. फोर-जी, फाइव्ह-जीच्या कोअरसाठी, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती भागासाठी, ओपनफाइव्हजीएस आणि तैवानचे फ्री-फाइव्हजीसी आहे. रेडिओच्या बाजूला आयर्लंडचे एसआरएसरॅन आणि फ्रान्सच्या युरेकॉम संस्थेतून निघालेले ओपनएअरइंटरफेस आहे. म्हणजे साध्या संगणकावर, हजार-दोन हजार डॉलरांच्या सॉफ्टवेअर रेडिओसह, संपूर्ण नेटवर्क टेबलावर मांडता येते.

टेबलाबाहेरचे उदाहरण मेक्सिकोचे. ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागातल्या तालेआ दे कास्त्रो या गावात मोबाइल कंपन्या येत नव्हत्या. गिऱ्हाइके कमी, रस्ता अवघड, हिशेब जुळत नव्हता. २०१३ साली गावाने रिझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने खुल्या सॉफ्टवेअरवर स्वतःचे नेटवर्क उभे केले. गावसभेने ठरवले, गावानेच वर्गणी घेतली. पुढे कायद्याने सामाजिक वापराच्या परवान्याला जागा करून दिली आणि २०१६ साली तिथल्या दूरसंचार नियामकाने मूलनिवासी समुदायांच्या संस्थेला रीतसर स्पेक्ट्रमसह परवाना दिला. इथे कोडइतकेच महत्त्व त्या परवान्याला आहे. कोड आमच्याकडेही आहे. तो परवाना नाही.

आणि आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. १९८४ साली सी-डॉट स्थापन झाली, १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज बसले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत, विजेच्या लहरीवर चालणारे ते यंत्र परदेशी कंपन्यांच्या यादीत नव्हते. ते इथल्या गावाकडे बघून आखलेले होते. शिवाय तंत्रज्ञान एका कारखान्यात न अडकता अनेक उत्पादकांना दिले गेले. पुढच्या पिढ्यांत ती सवय आपण का सोडली, हे कोडेच आहे. पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या मोकळ्या लहरींवर आदिवासी गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवले. ते मोबाइल नेटवर्क नव्हते, पण प्रयोगापुरती परवानगी मिळाली की इथली माणसे काय करू शकतात हे त्यातून कळले.

आता मागण्या.

पहिली मागणी पैशाची आहे, पण जास्त पैसा द्या अशी नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवेसाठी जो निधी गोळा होतो, त्याच्या वार्षिक जमेतले ५ टक्के संशोधनाला देण्याची योजना १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले आहे. या पैशातून लिहिला जाणारा कोड मान्यताप्राप्त खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध व्हावा, अशी अट अनुदानाच्या करारात घाला. ज्यांना कोड झाकून ठेवायचा आहे त्यांनी स्वतःच्या भांडवलावर तो लिहावा, आमची हरकत नाही. लोकांच्या पैशाने लिहिलेले लोकांना वाचता येऊ नये, याला मात्र आमची सक्त हरकत आहे.

यालाच जोडून एक गोष्ट, आणि संघटनेच्या दृष्टीने ती सगळ्यात महत्त्वाची. अनुदान नेहमी नव्या गोष्टीला मिळते. देखभालीला कोणी पैसे देत नाही. नवा मोबाइल संच बाजारात येतो, तो नोंदणीच्या संदेशात एक अनपेक्षित घटक पाठवतो आणि कोअर कोसळते. ते शोधायला एखाद्या माणसाचे तीन आठवडे जातात. शेवटी दुरुस्ती निघते ती चार ओळींची. अहवालात दाखवायला त्यात काहीच नसते, पण नेटवर्क ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ यांतले अंतर त्या चार ओळींएवढेच असते. जगभरात वापरले जाणारे काही भाग मोजकी माणसे सांभाळत आहेत. म्हणून संशोधन निधीचा ठराविक हिस्सा चाचणी, दुरुस्ती आणि दस्तऐवज यांसाठी, किमान पाच वर्षांच्या मुदतीने, वेगळा ठेवावा. विहीर खणायला अनुदान आणि रहाट-दोरीला नाही, असे चालणार नाही.

दुसरी मागणी लहरींची. शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी कमी शक्तीच्या प्रक्षेपणाला नोंदणी केली की पुरे, अशी तरतूद करावी. नेटवर्क क्रमांक चाचणीसाठी राखलेला ००१-०१ असावा, प्रक्षेपण आवाराबाहेर जाऊ नये, तक्रार आली तर ताबडतोब बंद करण्याची हमी द्यावी. या सगळ्या अटी आम्हाला मान्य आहेत. केबलने जोडून किंवा पत्र्याच्या बंद पेटीत ठेवून केलेल्या चाचणीला तर परवान्याचे बंधनच नसावे. महाविद्यालयाचे सत्र जेमतेम चार महिन्यांचे असते, तेव्हा उत्तरही आठवड्यांत मिळायला हवे. २०२३च्या कायद्यात नव्या प्रयोगांना मोकळीक देण्याची सोय आहेच. तिचा पहिला वापर इथे व्हावा.

तिसरी. जिथे कोणत्याही कंपनीचा टॉवर नाही अशा वस्त्यांसाठी ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा विद्यापीठ यांना लहान नेटवर्क चालवण्याचा वेगळा, स्वस्त परवाना असावा. त्यांना सामाईक नेटवर्क क्रमांक द्यावा आणि बाहेरच्या नेटवर्कशी कॉल जोडून देणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक करावे. आंतरजोडणीशिवाय असे नेटवर्क म्हणजे गावापुरता भोंगा. आपत्तीतही हाच परवाना कामाला येईल. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या गावांत वीज आणि फोन दिवसेंदिवस बंद होते. जीपमध्ये मावणारे खुले नेटवर्क तेव्हाही तंत्रदृष्ट्या शक्य होते. ते चालवण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नव्हते.

चौथी मागणी खरेदीची. केंद्र सरकारचे २०१५चे ओपन सोर्स धोरण सांगते की सरकारी ई-प्रशासनाच्या निविदेत ओपन सोर्सचा विचार झाला पाहिजे आणि तो पर्याय वगळला तर कारण दिले पाहिजे. हेच कलम सरकारी दूरसंचार खरेदीला लावा, एवढेच. सुरक्षा प्रमाणपत्राच्या पद्धतीतही एक दुरुस्ती हवी. आजची पद्धत विक्रेता आणि त्याचे उत्पादन धरून चालते. ज्या कोडचा मालक कोणी एक नाही त्याच्यासाठी अर्ज कोणी भरायचा? सांभाळ करणाऱ्या संस्थेला किंवा बसवून देणाऱ्याला तो भरता यावा.

‘कोड उघडा केला तर सुरक्षिततेचे काय?’ असे आम्हाला दर बैठकीत विचारले जाते. जीएसएमचे ए-फाइव्ह-वन हे सांकेतिकीकरण गुप्तच ठेवले होते. १९९९ साली त्याची संपूर्ण उकल बाहेर आली आणि पुढच्या अकरा वर्षांत घरगुती संगणकावर ते फोडण्याची साधने तयार झाली. गुपित होते म्हणून ते सुरक्षित राहिले नाही. उलट त्यातली कमजोरी वेळीच दाखवणारे डोळे दूर राहिले.

आम्ही वाढवून सांगत नाही. चर्चगेट-विरारच्या गर्दीचा भार उद्यापासून खुल्या सॉफ्टवेअरवर टाका, असे आमचे म्हणणे नाही. कोड खुला झाला तरी त्यातल्या पद्धतींवरची पेटंटे उरतात, हेही खरे; ओपनएअरइंटरफेसने त्यासाठीच स्वतःचा निराळा परवाना लिहिला. संशोधन आणि ना-नफा ग्रामीण वापरासाठी पेटंटधारकांशी सामूहिक बोलणी विभागाने करावीत. एकेकट्या गावाला ते शक्य नाही.

एक बाब मराठीची. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. भारतीय भाषांसाठी ही मर्यादा सैल करणारे अक्षरतक्ते मानकात आहेत. त्या यादीत हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू आहेत, मराठीचे नाव नाही. देवनागरी म्हणून हिंदीच्या तक्त्यावर बरेचसे भागेल, पण तो वापरायला नेटवर्क आणि फोन दोन्ही तयार असावे लागतात. बंद नेटवर्कमध्ये यासाठी कंपनीला विनंतीपत्र लिहावे लागेल. खुल्या नेटवर्कमध्ये आपल्या बाजूचे काम आपल्यालाच करता येते. मराठीचा तक्ता मानकात जावा म्हणून महाराष्ट्र शासनाने पुढाकार घ्यावा; तांत्रिक मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.

या मागण्यांवर चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती. येताना आम्ही एक पेटी, दोन फोन आणि पत्र्याचे झाकण बरोबर आणू. परवानगी असेल तर आपल्या टेबलावरच कॉल लावून दाखवू.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद
पुणे