व्यक्तिचित्र आणि घड्याळ

समोर माणूस बसवून दोन-तीन तासांत त्याचे व्यक्तिचित्र पुरे करण्याची प्रात्यक्षिके हल्ली मुंबई-पुण्यास पुष्कळ होतात, आणि ती पाहून परतणारी मंडळी चित्रकाराच्या हाताच्या वेगाची वाखाणणी करीत असतात. ही स्तुती आम्हांस अस्थानी वाटते. रंगास हात न लावता जो आरंभी समोरच्या मुखाकडे नुसता पाहत बसतो, त्याचेच चित्र बहुधा वेळेत उतरते.

कालिदासाने यातील मर्म 'मालविकाग्निमित्रा'त सांगून ठेवले आहे. अग्निमित्राने मालविकेचे चित्र आधी पाहिलेले. प्रत्यक्षात ती तितकी सुंदर नसावी अशी त्यास शंका. दुसऱ्या अंकात ती समोर येते तेव्हा चित्रच उणे ठरते, आणि चित्रकाराची समाधी शिथिल झाली असली पाहिजे, असे राजास वाटते. हात किंवा रंग यांस तो बोल लावीत नाही, हे ध्यानात घ्यावे.

समाधी टिकावी म्हणून वेळेचा हिशेब. पहिल्या पाव तासात डोळे किलकिले करून मुखावरील छाया व प्रकाश यांचे मोठे भाग तेवढे ठरवावयाचे. पापण्यांचे केस, कुड्यांचे मोती यांच्या वाटेस जावयाचे नाही. लांबून येणारा परिचित मनुष्य त्याचे डोळे दिसण्यापूर्वीच आपण ओळखतो, तो कशावरून? कपाळ, गालाचे हाड, हनुवटी यांच्या परस्पर प्रमाणावरून. ते साधले तर बाकीचे मागाहून येते. तैलरंगात ओल्यावर ओला रंग चढविता येतो, बिघडल्यास खरवडता येतो. जलरंगात ती सवलत फारशी नाही, आणि कागद वाळण्याची वाट पाहणेही त्याच वेळातून वजा होते.

परंतु घड्याळ खरे चालते ते बसणाऱ्याचे. वीस-पंचवीस मिनिटांत मान अवघडते, ओठांचे कोपरे सैल पडतात, आणि चित्रात थकवा उतरू लागतो. यास्तव पायांभोवती खडूच्या खुणा करून विश्रांती द्यावी व पुन्हा त्याच खुणांवर बसवावे. (कलाशाळांतून पोटासाठी बसणारी गरीब माणसे हे सारे मुकाट्याने सोसतात, त्यांचे नावही कोणी विचारीत नाही.)

१८९९ साली पॅरिस येथे सेझान यांनी चित्रविक्रेते व्होलार यांस ११५ वेळा बसविले; डुलकी लागली तेव्हा सफरचंदासारखे स्थिर बसा म्हणून खडसावले, आणि अखेर चित्र अपुरेच सोडले. ही हकीकत व्होलार यांनीच लिहून ठेवली आहे. उलट सार्जंट यांनी १८८१ साली लंडनमध्ये आपली बालमैत्रीण, 'व्हर्नन ली' या नावाने लिहिणारी लेखिका, तीन तासांच्या एकाच बैठकीत रंगविली. ओठ किंचित विलग, चष्म्याची काच चमकते आहे. बाई बोलता बोलता क्षणभर थांबल्या आहेत असे वाटते. सेझान यांचे चित्र थोर नाही असे कोण म्हणेल? पण घरातील वृद्धांस ११५ वेळा कोण बसविणार! आपल्याकडे तर माणूस गेल्यावर कोठल्या तरी ओळखपत्रावरील छायाचित्र मोठे करून भिंतीस लावण्याचीच रीत पडली आहे.

आमच्या शेजारी कलाशाळेत शिकणाऱ्या एका मुलीने सुट्टीत आजीस बसविले. आजींची ऐंशी उलटलेली. स्वस्थ बसणे जमेना, म्हणून त्या वाती वळू लागल्या. घरची मंडळी पाठीमागे जमून "नाक नाही साधले" वगैरे म्हणू लागताच मुलीने सर्वांस बाहेर काढून दार लावून घेतले, हे तिने उत्तम केले. आजींस तिने वाती वळू दिल्या, बोलूही दिले. दीड तासाने त्यांची मान कलू लागली, तेव्हा हिने कुंचला खाली ठेवला. हात दोन-चार फटकाऱ्यांतच राहिले, लुगड्याचा काठ तर झालाच नाही. "काठ फोटोवरून पुरा कर," असे वडिलांनी सुचविले. ती नको म्हणाली.

आजींनी चष्मा पुसून चित्र पाहिले. "अगं, ही तर माझी आई बसली आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या वाती वळावयास घेतल्या.