सातबारा आणि मतदारयादी

तेलंगणाच्या सीमेला टेकलेला झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम व गोंड वस्तीचा तालुका. मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी पैसा उभा करणे ही येथील कोरडवाहू कापूस उत्पादकाची दरसालची विवंचना. बँकेचे जुने कर्ज थकले की नव्या कर्जाचे दार बंद होते आणि उरतो तो खासगी सावकार. अवैध सावकारीची रीत सर्वत्र सारखीच आहे. व्यवहार कर्जाचा, परंतु नोंदवून घ्यायचे ते खरेदीखत. ‘पैसे फेडा आणि जमीन परत न्या’ हे आश्वासन तोंडी राहते, कागदावर येते ती विक्री. आदिवासीची जमीन अशी उघडपणे घेता येत नाही. तेथे कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेऊन वहिवाट बळकावली जाते.

या फसवणुकीवर कायद्यात उपाय नाही, असे कोणी म्हणू नये. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासणे हे न्यायालयाचे काम ठरले. तेच तत्त्व महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ मध्ये आहे. अर्जापूर्वीच्या १५ वर्षांत सावकारीच्या ओघात गेलेली मालमत्ता, मग ती शेती असो वा राहते घर, चौकशीअंती ऋणकोला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. दस्तावर ‘विक्री’ लिहिले आहे एवढ्याने सावकार सुटत नाही. आदिवासींना जमिनी परत देणारा १९७४ चा कायदा तर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवला आहे.

मग अडते कोठे? अर्ज करणारा एकटा असतो, येथे अडते. ज्याच्याकडे पुढील पेरणीसाठी पुन्हा हात पसरावयाचा, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे बळ एकट्याला येत नाही. म्हणूनच १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमिनीचे हस्तांतर रोखण्याचा व सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीकडे सोपवावा असे सांगितले. मात्र ग्रामसभा म्हणजे कोण, याचे उत्तरही त्याच कायद्यात आहे: गावपातळीवरील पंचायतीच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत ते सर्व.

येथे सातबारा आणि मतदारयादी यांची गाठ पडते. यादीतून नाव गळाले की केवळ पाच वर्षांनी येणारे एक मत जात नाही. सावकाराला जाब विचारणाऱ्या सभेतील जागाही जाते. आणि नाव गळण्याचा धोका सर्वाधिक कोणाला? वेचणी संपताच कामाच्या शोधात गाव सोडणाऱ्या भूमिहीनाला. पडताळणीच्या दिवशी पोडावरील झोपडीला कडी दिसली, की ‘स्थलांतरित’ असा शेरा मारणे सोपे असते. वस्तुतः १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणी रहिवासी असण्याचे थांबत नाही, आणि स्थलांतराच्या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक आहे. पण नोटीस बंद दाराला चिकटवली आणि घरधनी परमुलखात, तर ती संधी कागदावरच उरते.

१९७६ मध्ये घटनेत आलेल्या कलम ३९-अ ने मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्नाची अट न घालता, वकील मिळण्याचा हक्क दिला. हा वकील तालुक्याच्या कचेरीत वाट पाहत बसून भागणार नाही. पेरणीपूर्वी आणि यादीच्या प्रत्येक फेरतपासणीपूर्वी त्याने पोडावर गेले पाहिजे, कोलामी जाणणारा सहकारी बरोबर नेला पाहिजे, आणि सातबारा व मतदारयादी या दोन्हींचे ग्रामसभेत जाहीर वाचन घडवून आणले पाहिजे. कोणाची वहिवाट गेली, कोणाचे नाव गळाले, हे गावाला ठाऊक असतेच. ते अर्जावर उतरवण्याचे काम तेवढे उरते.

शासनाने ही व्यवस्था उभारावी, ही मागणी रास्तच आहे. परंतु ती उभी राहीपर्यंत समाजवादी कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. मोर्चासाठी माणसे जमवणाऱ्या संघटनेला कलम १८ चा एक अर्ज नीट लिहिता येत नसेल, तर सावकारशाहीविरुद्धच्या तिच्या घोषणांना गावाने का मान द्यावा?