सिकंदराबादच्या नोंदवहीतील आयरिश शिपाई



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या दिवसांत आपली कुटुंबे दफनभूमीत जातात, गवत उपटतात, क्रूस धुऊन काढतात, मेणबत्त्या लावतात आणि मुलांना दाखवतात, 'हे तुझे पणजोबा.' परंतु पणजोबांचे वडील कोण, पणजीचे माहेर कोणते, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर बहुतेक वडीलधाऱ्यांची जीभ अडखळते. आठवणीची दोरी साधारणपणे तीन पिढ्यांपर्यंतच पुरते. त्यापुढे कोणाचे तरी लिहिलेले अक्षर लागते.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या वह्यांत लिहीत आले आहेत. आपल्यासाठी हे काम धर्मग्रामाच्या नोंदवह्या करतात. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंद ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू इत्यादींच्या वह्या कशा लिहाव्यात याचे नमुने घालून दिले. त्या लेखनाचे मोल केवढे असते, हे आज आम्ही हैदराबादच्या एका उदाहरणाने सांगू इच्छितो.

निजाम आणि इंग्रजांची कंपनी यांच्यात १७९८ साली तह झाला आणि कंपनीची तैनाती फौज हैदराबादेजवळ ठाण मांडून बसली. त्या छावणीला १८०६ साली निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. पुढे बोलारम, जालना, औरंगाबाद, हिंगोली येथेही निजामाच्या राज्यात छावण्या उभ्या राहिल्या. या छावण्यांतील गोरा शिपाई म्हणजे 'इंग्रज' असे आपण सरसकट म्हणतो. पण ते पूर्ण खरे नाही. १८३० साली ब्रिटिश सैन्यातील शिपाई व हवालदारांपैकी सुमारे ४२ टक्के आयरिश होते. कंपनीच्या स्वतःच्या युरोपियन पलटणींतही आयर्लंडमधून भरती होत असे. मद्रास आणि मुंबई येथील अशा दोन जुन्या पलटणी पुढे १८८१ साली एकत्र करून 'रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स' हे आयरिश नाव धारण करत्या झाल्या.

हे शिपाई सत्तेसाठी लढले खरे, पण घरी ते सत्तेखाली दबलेलेच होते. त्यांच्या देशात कॅथलिकांवर दीर्घकाळ जाचक कायदे होते आणि संसदेत बसण्याचा हक्क त्यांना १८२९ साली मिळाला. जमीन दुसऱ्याची, पोटाला बटाटा, आणि बटाट्यावर रोग पडला तेव्हा १८४५ ते १८५२ या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली व त्याहून अधिक देश सोडून गेली. बहुतेकांनी अमेरिकेची वाट धरली. काही लाल डगला चढवून हिंदुस्थानात आले. निरक्षर गरिबाचा मुलगा, छावणीत पटकीने मेला, आणि त्याच्या दफनावर दगडही बसला नाही, असे किती असतील! त्यांची ओळख उरली ती धर्मगुरूच्या हातच्या एका ओळीत.

त्या धर्मगुरूंपैकी एकाचे नाव हैदराबादने जपले आहे. डॅनियल मर्फी हे आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १८१५ साली जन्मले. मेनूथच्या सेमिनरीत शिकून त्यांनी १८३८ साली याजकदीक्षा घेतली आणि ते मद्रासच्या मिशनकडे आले. सिकंदराबादेत १८४० मध्ये संत मरियेच्या मंदिराचे काम सुरू झाले व १८५० मध्ये ते पुरे झाले, ते त्यांच्याच खटपटीने. २००८ साली त्या मंदिराला 'बॅसिलिका' हा मान मिळाला. १८५१ साली हैदराबादचे मिशन मद्रासपासून वेगळे झाले, तेव्हा बिशप मर्फी त्याचे पहिले प्रमुख झाले. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. १८६५ साली टास्मानियातील होबार्ट येथे त्यांची नेमणूक झाली, तेथेच ते आर्चबिशप झाले आणि १९०७ साली वयाच्या ९२ व्या वर्षी परलोकवासी झाले.

कॉर्क, हैदराबाद, ऑस्ट्रेलियाचा मुलूख: बिशपांनी केलेला हा प्रवास पुढे कित्येक सामान्य कुटुंबांनीही केला. शिपायांची मुले येथेच वाढली. कोणी पलटणीच्या बँडात गेला, कोणी तारखात्यात, कोणी निजामाच्या रेल्वेत. सिकंदराबादेतील लालागुड्याची रेल्वे वसाहत अँग्लो-इंडियन कुटुंबांमुळे ओळखली जात असे. १९४७ नंतर त्यांतील पुष्कळजण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे गेले. आता त्यांची नातवंडे-पतवंडे विचारतात, 'आम्ही मुळात कोठले?' यात केवळ हौस नसते. ज्याचे आजोबा वा आजी आयर्लंडच्या भूमीवर जन्मले, त्याला त्या देशाचे नागरिकत्व मागता येते. म्हणून एका तारखेवर एखाद्या तरुणाचे भवितव्यही अवलंबून असू शकते.

हा शोध कसा करतात? सुरुवात नेहमी स्वतःपासून करावी व एकेक पायरी मागे जावे. एकदम आयर्लंडमध्ये उडी घेणारा हमखास चुकतो. प्रथम घरातील जन्मदाखले, विवाहपत्रे, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या तारखा. नंतर धर्मग्रामाची नोंद. कंपनीच्या काळापासून छावणीतील बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नकला इलाख्याच्या ठाण्याकडून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश ग्रंथालयात आहेत आणि सिकंदराबादसाठी मद्रास इलाख्याच्या वह्या पाहाव्या लागतात. मात्र कॅथलिकांच्या नोंदी त्या नकलांत अपुऱ्या आहेत; म्हणून मूळ धर्मग्रामाकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते. शिपाई निवृत्त झाला असेल तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात त्याचा सेवामुक्तीचा कागद सापडू शकतो. त्यात बहुधा जन्मगावचा धर्मग्राम लिहिलेला असतो आणि तीच आयर्लंडचे दार उघडणारी किल्ली. त्या देशात 'टाउनलँड' म्हणजे आपल्या वाडी-पाड्यांसारखे विभाग ६० हजारांहून अधिक आहेत. नुसते 'आयर्लंड' एवढे हाती असून भागत नाही.

येथे एक गोष्ट मनात ठसवून घ्यावी अशी आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळून खाक झाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेचे बहुतेक कागद, सरकारने जमा करून ठेवलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या कित्येक नोंदवह्या, मृत्युपत्रे, सगळ्यांची राख झाली. कॅथलिकांच्या वह्या मात्र वाचल्या. कारण एवढेच, की त्या राजधानीत नव्हत्या. खेड्यापाड्यांतल्या धर्मगुरूंच्या साध्या कपाटांत पडून होत्या. हजाराहून अधिक धर्मग्रामांच्या त्या वह्यांची १८८० पर्यंतची पाने आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. राजाच्या दप्तराने जे राखले नाही ते गावच्या कपाटाने राखले.

परंतु सापडलेले प्रत्येक नाव आपलेच असे मानू नये. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत प्रचलित आडनाव आहे. तेव्हा हैदराबादच्या प्रत्येक मर्फीने बिशपांशी नाते सांगू नये, हे बरे! आपल्या वसईतील लोपीस, परेरा, डिसोजा यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. नावे पोर्तुगीज, पण रक्त येथल्याच मातीचे. शिवाय नोंदी लॅटिनमध्ये: जेम्सचा 'याकोबुस' होतो, विल्यमचा 'गुलिएल्मुस'. 'ओ' आणि 'मॅक' हे उपसर्ग कधी गळतात, कधी पुन्हा येतात. म्हणून नाव, बापाचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, धर्ममातापित्यांची नावे, स्थळ आणि साल यांतील तीन-चार गोष्टी जुळल्यावाचून नाते जोडू नये. विधवांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. छावणीत नवरा मेला की आधाराअभावी बाईला लवकरच दुसरे लग्न करावे लागे. त्यामुळे एकच स्त्री तीन वह्यांत तीन आडनावांनी भेटते.

आणि पुष्कळदा ती भेटतच नाही. हाच या शोधातील सर्वांत दुःखद भाग आम्हास वाटतो. कित्येक शिपायांनी येथल्याच मुलींशी संसार केला. अशा नोंदीत बापाचे नाव, हुद्दा, पलटण, सगळे असते. आईच्या जागी कधी नुसते 'मारिया', कधी काहीच नाही. तिचे गाव कोणते, तिचा बाप कोण, ती तेलुगू बोलत होती की मराठी, हे कोणी विचारले नाही. भारताच्या घटनेतील ३६६ व्या कलमातही अँग्लो-इंडियनाची व्याख्या पुरुषाच्या वंशावरूनच केलेली आहे. कॉर्कच्या खेड्यापर्यंत बापाची वाट सापडते आणि हैदराबादच्याच एखाद्या गल्लीपर्यंत आईची वाट सापडत नाही, असे घडते. ज्या बाईने नऊ महिने वाहिले, पटकीच्या साथीत रात्री जागून मूल जगवले, तिच्यापाशी येऊन लेखणी थांबली.

संत मत्तय याने शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आपल्या प्रभूची वंशावळ लिहिली, ती अशी नव्हे. त्यात राजे आहेत, तशी तामार आहे, परदेशी राहाब आणि रूथ आहेत, उरियाची बायको आहे. लाजेखातर त्याने कोणाला वगळले नाही. उलट संत पौल तीमथ्याला बजावतो की, अंत नसलेल्या वंशावळ्यांच्या नादी लागू नकोस. दोन्ही वचने एकत्र वाचावीत. कूळ शोधावे ते मिरवण्यासाठी नव्हे, तर ज्यांच्यामुळे आपण जगलो त्यांचे ऋण ओळखण्यासाठी, आणि त्यात विस्मृतीत ढकललेल्यांना पुन्हा जागा देण्यासाठी. शोधात एखादे अनाथ मूल, एखादा विवाहावाचूनचा जन्म निघाला तर मान खाली घालण्याचे कारण नाही. त्या जीवासाठी एक मिस्सा अर्पण करावी.

आता आपल्या घरातले काम. वृद्ध आई-वडिलांजवळ या महिन्यात एक संध्याकाळ बसा आणि आजी-पणजींची माहेरची नावे, गावे, आळी-वाडी वहीत उतरून घ्या. बाप्तिस्म्याला बालक आणताना आईचे माहेरचे आडनाव व गाव नीट सांगा. धर्मगुरू घाईत असले तरी नोंद वाचून पाहण्याची विनंती करा. १९०७ च्या नियमापासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासातही करावी लागते. परगावी लग्न झाले असेल तर तशी सूचना आपल्या मूळ धर्मग्रामाला पोहोचली की नाही, याची चौकशी करा. कोणाला जुना उतारा हवा असेल तर अंदाजे साल आणि आईबापांची नावे कळवावीत. वही मात्र हाती मागू नये. तिच्यात इतरांची गुपितेही आहेत, आणि ती जपणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे.

आणि दफनभूमीत आपल्या माणसांसाठी प्रार्थना करून झाली की, नाव नसलेल्या एखाद्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी एक मेणबत्ती लावा. त्या खाली कोण आहे हे आपल्या वहीला ठाऊक नसले, तरी ज्याच्या जीवनाच्या पुस्तकात कोणाचेही नाव अर्धवट लिहिलेले नाही त्याला ते ठाऊक आहे.