कोनी सांगं?

आमच्या खानदेशात बातमी ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला पहिला प्रश्न करावयाचा तो 'खरं शे का?' हा नव्हे, तर 'कोनी सांगं?' हा. नरडाण्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बाकावर टेकलेले शेतकरी असोत, की आग्रा रोडच्या फाट्यावर चहाचा ग्लास हातात धरून उभे असलेले मालमोटारींचे चालक असोत, कापसाच्या भावापासून कोणाच्या सोयरिकीपर्यंत कोणतीही वार्ता कानी पडली, की तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्यापूर्वी ती कोणाच्या तोंडची आहे याची रुजुवात घ्यावी, आणि सांगणाऱ्याची पत पाहून रुपयात किती आणे विश्वास टाकावयाचा हे मनाशी ठरवावे, असा हा जुना शिरस्ता. त्यात विद्वत्तेचा आव नाही. परंतु ऐकीव साक्ष सहसा ग्राह्य न मानणाऱ्या पुराव्याच्या कायद्याचे मर्म या दोन शब्दांत साठलेले आहे. इंटरनेटवरील स्वातंत्र्य आणि सरकारने त्याला घालावयाच्या मर्यादा यांविषयी शहरांतून जो वाद चालतो तो वाचताना हे दोन शब्द मला वारंवार आठवतात, कारण त्या वादात दोन्ही पक्ष पुष्कळ प्रश्न विचारतात; हा एक तेवढा विचारीत नाहीत.

आमच्याच धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस, साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात, राईनपाडा नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवडे बाजार भरला होता आणि मंगळवेढ्याच्या बाजूचे, नाथपंथी डवरी गोसावी जमातीचे पाच जण भिक्षा मागण्यासाठी तेथे आले होते. त्याआधी काही दिवस 'मुले पळविणारी टोळी आली आहे' हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होता; परक्या माणसांकडे पाहण्याची नजर त्याने आधीच कलुषित केली होती. त्या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त जमावाला पुरले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले आणि जेथे गावाचा कारभार चालावयाचा त्याच खोलीत त्यांना ठार मारण्यात आले. ज्यांच्या डौराचा आवाज कानी आला की आमच्या आज्या सुपात दादर ज्वारी घेऊन ओट्यावर येत, त्या परंपरेतील ही माणसे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन मुलूख तुडविणाऱ्याला गाव ओळखत नसले तरी त्याचा वेश आणि त्याचे वाद्य ओळखत असे, आणि ती ओळख पुरेशी मानली जात असे. त्या दिवशी मात्र खिशातल्या यंत्रावर आलेल्या निनावी चार ओळींची पत डोळ्यांसमोरच्या माणसाहून मोठी ठरली.

पुढे धरपकड झाली, फिर्यादी झाल्या, मृतांच्या वारसांना सरकारने मदत जाहीर केली. परंतु ज्या मजकुरामुळे जमावाचे हात उचलले गेले त्यावर कोणाचीच सही नव्हती. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरता असा निर्बंध घातला की कोणताही संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, आणि अशा संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूणही दिसू लागली. ही योजना सद्हेतूची होती, आणि वेग काहीसा मंदावला असेल. परंतु त्या खुणेने आम्हां सामान्यजनांस एक सोयीचा बचावही मिळवून दिला. 'जसं आलं तसं पाठवलं' हे वाक्य हल्ली इतक्या निर्मळ मनाने उच्चारले जाते, की जणू पाठविणे ही मनुष्याची कृती नसून शरीराचा धर्म आहे.

येथे मला धुळ्याचे, म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचे, स्मरण होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात त्यांचा वारसा सांभाळीत उभे आहे. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्याच्या रद्दीतून मोडी कागद गोळा करीत हिंडणाऱ्या या पुरुषाने मराठी माणसाला कागद कसा वाचावा हे शिकविले. कागद कोणी लिहिला, कोणाला, केव्हा, अस्सल आहे की नक्कल, आणि नक्कल असल्यास ती कोणाच्या हातची, हे ठरल्यावाचून आतील मजकुराला किंमत नाही. जुन्या राजपत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब, म्हणजे लेखनसीमेची मुद्रा, मजकूर येथे संपला हे सांगे, म्हणजे मग मागाहून कोणी उपटसुंभ त्यात एक ओळ घुसडू शकत नसे. तीनशे वर्षांपूर्वीच्या चिटणीसाला जी काळजी होती ती आजच्या कोट्यवधी रुपयांच्या यंत्रणेला नसावी, हे नवल खरे.

मुलांच्या अपहरणाची म्हणून जी एक चित्रफीत त्या काळात देशात ठिकठिकाणी फिरली, तिची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या एका पोराला उचलून नेतात, एवढे त्यात दिसे. मुळात ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जाहिरात. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि मूल हरवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवितात. कोणीतरी ती अखेर कापून टाकली आणि उरलेला भाग सीमा ओलांडून आमच्याकडे आला. लेखनसीमा नसलेल्या कागदाचे काय होते याचे याहून भयंकर उदाहरण राजवाड्यांनाही त्यांच्या सगळ्या दप्तरांत सापडले नसते.

आता याच्या जोडीला दुसरे प्रकरण ठेवून पाहा. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपल्या स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत असल्याची खूण केली. कोणाच्या जिवाला धोका नाही, कोणावर हल्ल्याची चिथावणी नाही. तरीही दोघींना अटक झाली आणि एकीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती निराळीच. ज्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. खटल्याचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या श्रेया सिंघल त्या वेळी कायद्याच्या विद्यार्थिनी होत्या.

पालघर आणि राईनपाडा ही दोन गावे मी एका ओळीत मांडतो ती एवढ्यासाठी, की आमच्या राज्यव्यवस्थेचा हात कोणाच्या खांद्यावर पडतो हे त्यावरून लख्ख दिसते. जी आपले नाव लिहून बोलली तिच्या दारी पोलीस काही तासांत पोहोचले. कारण नाव तेथेच होते, पत्ता शोधावयास फारसे श्रम नव्हते. ज्याने नाव न लिहिता विष पेरले त्याचा माग काढणे कष्टाचे, म्हणून तो लोकांत मिसळून गेला. ही रीत नवी नाही. १८९७ आणि १९०८ या दोन्ही खटल्यांत टिळकांना शिक्षा झाली ती 'केसरी'तील मजकुराची जबाबदारी त्यांच्या नावावर होती आणि त्यांनी ती नाकारली नाही म्हणून. छापील पत्रावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे हा दंडक १८६७ च्या कायद्याने घालून दिला; सत्तेला तो सोयीचा होता हे खरे, पण वाचकालाही 'कोनी सांगं?' याचे उत्तर शेवटच्या पानाच्या तळाशी मिळत असे, हेही तितकेच खरे.

मग प्रत्येक संदेशाच्या मूळ कर्त्याचा माग सरकारला काढता यावा अशी सक्ती करावी काय? २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने केलेल्या नियमांत नेमकी हीच तजवीज आहे, आणि तिच्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. राईनपाड्याचा विचार मनात असताना या सक्तीच्या बाजूने कौल द्यावा असे मलाही काही काळ वाटले होते. परंतु हे हत्यार हाती आल्यावर ते प्रथम कोणावर चालेल, हे पालघरने सांगून ठेवले आहे. आणि दुसरीही एक गोष्ट आहे. १९४२ साली मुंबईतून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवीत. ऑगस्टअखेरपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालीपर्यंत तो जागा बदलत बदलत बोलत राहिला. भारतातून कोठून तरी बोलत आहोत, असे तो सांगे. ठिकाण लपलेले होते. आवाज कोणाच्या वतीने आहे ते लपलेले नव्हते, आणि बोलणाऱ्याने तुरुंगाची जोखीम पत्करलेली होती. जुलमी अंमलापासून नाव लपविण्याचा अधिकार मी कोणाचाही काढून घेणार नाही. शेजाऱ्यापासून नाव लपवून शेजाऱ्यालाच भडकविणारा मात्र मला त्या पंक्तीत बसविता येत नाही; आणि या दोहोंतील भेद ओळखणारे यंत्र अद्याप कोणी बनविलेले नाही.

माणसांना क्रमांक देऊन हा प्रश्न सुटत नाही, हेही खानदेशाने सर्वांत आधी पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार पत्रे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत वाटली गेली ती येथून फार दूर नसलेल्या, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी. बारा अंकी ओळख प्रथम आमच्या मुलखाच्या हाती आली आणि आठच वर्षांनी, जुन्या अखंड धुळे जिल्ह्याच्याच भूमीत, अशी कोणतीही ओळख पाच भिक्षेकऱ्यांच्या कामी आली नाही.

उरतो तो सरकारचा आवडता उपाय, नेटबंदी. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, पुढे मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड-जालन्याकडे ती झाली. दंगलीच्या पहिल्या प्रहरात अंमलदारावर काय बेतत असते हे घरी बसून लेख लिहिणाराला कळत नाही, एवढे मान्य करूनही मला हा उपाय उफराटा वाटतो. अफवा नेट येण्यापूर्वीही पायी फिरत होत्या आणि नेट बंद झाल्यावरही फिरतात. बंद पडतो तो त्यांचा खुलासा. शिवाय आज गावचे अर्धे जीवन त्या तारेवर लोंबकळते. रेशन दुकानातील यंत्राला अंगठा ओळखावयास नेट लागते, ई-पीक पाहणीची नोंद त्यावरून जाते, सातबारा त्यावरून निघतो, आणि भाजीवालीच्या टोपलीला चिकटविलेल्या चौकटीवर पैसे टाकणारे गिऱ्हाईक खिशात रोकड बाळगीत नाही. यातील कशाचा अफवेशी संबंध होता? सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले की असा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे नागरिकाला त्याविरुद्ध दाद मागता येईल, आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आता हा हुकूम फोन मुका झाल्यावर किती जणांच्या दृष्टीस पडतो? सरकारलाही, तेव्हा, तोच प्रश्न: कोनी सांगं? कोणत्या अंमलदाराने, कोणत्या कारणास्तव, किती दिवसांसाठी?

खरेखोटे ठरविण्याचा मक्ता सरकारनेच घ्यावा, म्हणून २०२३ साली केंद्राने आपल्या कारभाराविषयीच्या मजकुरासाठी सत्यशोधन कक्षाची योजना केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. फिर्यादीनेच न्यायासनावर बसावे असा तो प्रकार होता, तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मला हवे आहे ते याहून पुष्कळ लहान आहे. पूर्वी कोतवाल दवंडी पिटीत असे. तो गावातला असे, त्याला सगळे ओळखत, आणि हुकूम कोणाचा हे तो आधी सांगे. मुले पळविणाऱ्यांची अफवा राईनपाड्याच्या आसपास काही दिवस घोळत होती. त्या दिवसांत तलाठ्याने, ग्रामसेवकाने, पोलीस पाटलाने, शाळेच्या गुरुजींनी आपल्या नावानिशी, बाजाराच्या चौकात उभे राहून आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही, 'ही वार्ता खोटी आहे, हे मी अमुक सांगतो' असे म्हटले असते तर काय झाले असते, हे मला राहून राहून वाटते. त्याच सुमारास मालेगावात लहान मुलासह असलेल्या एका कुटुंबाला अशाच जमावाने घेरले होते. पोलीस आणि काही रहिवासी मध्ये पडले आणि ती माणसे वाचली. तेथे कोणताही नवा कायदा कामी आला नाही. चार चेहरे पुढे झाले, आणि ते चेहरे ओळखीचे होते.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. आमच्या भाऊबंदांच्या गटावर मी काही पाठविले, तर ते मला कोणाकडून कळले ते वर लिहितो, खाली स्वतःचे नाव घालतो आणि शेवटी 'लेखनसीमा' असा शब्द ठेवतो. परिणामी माझे संदेश दिवसाला वीसवरून आठवड्याला दोनांवर आले आहेत, कारण बहुतेक वेळा वरची ओळच भरता येत नाही. परवा धाकट्या पुतण्याने तो शब्द पाहिला आणि मोठ्या उत्सुकतेने विचारले, "आप्पा, लेखनसीमा हाई कोनतं नवं अ‍ॅप शे?"